पेपर, पेपर्स आणि माझी भाची

माझी भाची यंदा अकरावीला जुन्नरहून पुण्यात आलीये, माझ्याकडेच राहते. दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि आता कॉलेजात सगळंच इंग्रजीत. पोरगी हुशार आहे, फोटोसिंथेसिससारखे मोठमोठे शब्द स्पेलिंगसकट पाठ करून टाकते, अडतं ते आपण रोज बोलतो त्या साध्या शब्दांपाशी. परवा वही घेऊन आली, म्हणाली, मावशी, मला दोन कागद पाहिजेत असं म्हणायचं होतं म्हणून मी टू पेपर्स लिहिलं, तर मॅडमनी लाल रेघ मारून टू शीट्स ऑफ पेपर केलंय, असं का? पेपर म्हणजे कागदच ना?

प्रश्न अगदी बरोबर आहे तिचा. कारण आपल्याकडे शाळेत शब्दार्थ म्हणजे एक इंग्रजी शब्द, मधे बरोबरचं चिन्ह आणि पुढे एक मराठी शब्द. पेपर बरोबर कागद, झालं, पुढचा शब्द घ्या. तो शब्द वाक्यात वागतो कसा, त्याच्या आधी काय येतं, त्याला एस लागतो का नाही, हे कोणी सांगतच नाही आणि मग मुलांना वाटतं आपलं इंग्रजीच कच्चं. मला हे फार लागतं. ह्या मुलांना शब्द येत नाहीत असं नाहीये हो, उलट भरपूर येतात!

म्हणून मी तिला म्हणलं आधी आपण घरात पेपर हा शब्द कशाकशाला वापरतो ते लिही. बसल्या बसल्या पान भरलं. सकाळी पेपर आला का, हे वर्तमानपत्र. पेपर कसा गेला, ही परीक्षा. पेपर फुटला म्हणजे प्रश्नपत्रिका, पण पेपर तपासले म्हणजे उत्तरपत्रिका, हा फरक तिनेच शोधला आणि जाम खूश झाली. गाडीचे पेपर सोबत ठेव, म्हणजे कागदपत्रं. वरच्या मजल्यावरचा दादा हिंजवडीत आहे, तो म्हणतो मी पेपर टाकला, म्हणजे राजीनामा दिला, आणि पेपरवाला पण रोज पेपरच टाकतो. विद्यापीठातल्या सरांनी सेमिनारमध्ये पेपर वाचला म्हणजे शोधनिबंध. आणि पेपर डोसा राहिलाच की, तोही लिहिला.

म्हणजे इंग्रजीतले बहुतेक अर्थ तिच्याकडे आधीपासूनच होते. नव्हती ती एकच गोष्ट, की ह्यातले कुठले मोजायचे आणि कुठला मोजायचा नाही. वर्तमानपत्र, प्रश्नपत्रिका, शोधनिबंध हे सगळे मोजता येतात, अ पेपर, टू पेपर्स चालतं. कागदपत्रं म्हणजे पेपर्स, तो नेहमी एस लावूनच येतो, आणि राजीनाम्यातही इंग्रजीत पेपर्सच असतात, पुट इन हिज पेपर्स. पण लिहायचा, फाडायचा, पुडी बांधायचा कागद हा इंग्रजीच्या हिशोबात पाण्यासारखा, पीठासारखा. तिथे अ पेपर नाही आणि पेपर्स पण नाही, नुसता पेपर. एकच हवा असेल तर अ पीस ऑफ पेपर किंवा अ शीट ऑफ पेपर. इंग्लंडातल्या माणसाकडे अ पेपर मागितला तर तो तुम्हाला वर्तमानपत्र आणून देईल. मॅडमची लाल रेघ त्यासाठी होती. मराठीत आपण एक कागद, दोन कागद असं सरळ मोजतो आणि शिवाय एक पेपर आला, चार पेपर आले, शब्दाचं रूप तेच राहतं, त्यामुळे एस कधी लावायचा नि कधी नाही हे आपल्या कानाला जाणवतच नाही.

तरी ती म्हणाली, पण मावशी कागद तर मोजता येतो ना, समोर दिसतोय! मग शनिवारी तिला शिवाजीनगरला हातकागद संस्थेत घेऊन गेले. १९४० पासूनची संस्था आहे, सुती चिंध्यांपासून कागद करतात. हौदात पांढरा लगदा असतो, पातळसर, त्यात जाळीचा साचा बुडवून आडवा धरून वर उचलतात, पाणी निथळतं आणि जाळीवर एक ओला थर राहतो, तो कापडावर उलटा करतात, की झाली एक शीट. भाची बराच वेळ हौदापाशीच उभी होती, मी म्हणलं आता सांग, हौदात किती आहेत? ती म्हणाली हौदात पेपर आहे, साच्यावर आली की शीट. मला वेगळं काही समजवायची गरजच पडली नाही. आणि गंमत म्हणजे तिच्या जुन्नरलाही पूर्वी हातकागद बनायचा, नावाजलेला होता, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. घरी जाऊन आजोबांना विचारणारे म्हणाली.

येताना झेरॉक्सवाल्याकडे ए फोरची रिम घेतली, तिच्यावर पाचशे शीट्स आणि ८० जीएसएम लिहिलेलं असतं. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम. ए फोरच्या १६ शीट्स मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणजे एक शीट ५ ग्रॅमची आणि रिम अडीच किलोची. हा हिशोब तिनेच करून दाखवला. कागद वजनात, शीट्स नगात, रिमच्या वेष्टणावर दोन्ही छापलेलं.

अजून एक बारकावा मला फार आवडतो. दोन इंग्रजी वाक्यं घ्या, ‘ही रेड अ पेपर’ आणि ‘ही रेड द पेपर’, म्हणजे त्याने पेपर वाचला. पहिल्यात सरांनी परिषदेत शोधनिबंध वाचला असं असू शकतं, दुसऱ्यात बहुतेक वेळा सकाळचं वर्तमानपत्र. एवढ्याशा अ आणि द ने माणूस घरच्या गॅलरीतून थेट व्यासपीठावर जातो. मराठीत आपण दोन्हीला पेपर वाचला म्हणतो आणि संदर्भावरून ओळखतो. पण परीक्षेच्या बाबतीत आपल्या सवयी इंग्लंडात चालत नाहीत. पेपर सोडवला म्हणून आपण सॉल्व्ह द पेपर म्हणतो, तिकडे डू किंवा सिट म्हणतात. तपासणं म्हणजे चेक नाही, मार्क. माझं मत असं की आपल्याकडचं पण चुकीचं म्हणू नये, इथे सगळ्यांना कळतं, फक्त दोन्ही माहिती असावं.

ज्यांच्या घरी मराठी मीडियममधून आलेली मुलं आहेत त्यांना एक सांगते, नुसती इंग्रजी-मराठी डिक्शनरी पुरत नाही. शिकणाऱ्यांसाठी केलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी घ्या, तिच्यात नामापुढे सी किंवा यू छापलेलं असतं, सी म्हणजे मोजता येणारं, यू म्हणजे न मोजता येणारं. अशी डिक्शनरी हॉर्न्बी नावाच्या शिक्षकाने जपानी विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता सहकाऱ्यांबरोबर तयार केली, १९४२ मध्ये टोकियोत छापली गेली आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढली. मुळात इंग्रजी परकी असलेल्या मुलांच्याच अडचणी बघून केलेली आहे, म्हणून ती आपल्या मुलांना बरोबर लागू पडते. अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळाली तरी चालेल, सी आणि यू आहे ना एवढं उघडून बघा, पेपर हाच शब्द काढून बघा. भाचीने आता स्वतःहून वर्क, हेअर आणि ग्लास काढलेत, आणि वर्क्सचा अर्थ कारखाना पण होतो हे वाचल्यापासून ती रस्त्यावरच्या सगळ्या इंजिनिअरिंग वर्क्सच्या पाट्या वाचत चालते.