जुने हेडफोन, मूळ आवाज: आमची वाटचाल

आमचं दुकान मुळात रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं. वडिलांनी ते पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या एका बोळात सुरू केलं. गणपती-नवरात्रात मंडपवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर, लग्नसराईत माइक, एरवी टेपरेकॉर्डर आणि डेक. मी दुकानात बसायला लागलो तोवर हे काम ओसरत चाललं होतं. सेट बंद पडला की लोक सरळ नवा आणत. हेडफोन तर अगदीच किरकोळ काम समजलं जाई. पिन बदलायची, तुटलेली वायर जोडायची, गिऱ्हाईक उभ्या उभ्या मोकळं.

ते काम किरकोळ राहिलं नाही, याचं श्रेय मुंबईच्या स्टुडिओंमध्ये हयात घालवलेल्या एका निवृत्त ध्वनिमुद्रकांना. ते एकेजी कंपनीचे दोन जुने के 240 सेक्सटेट घेऊन आले. व्हिएन्नात 1975 पासून बनलेलं हे मॉडेल. प्रत्येक कपात मधे मुख्य ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, आणि त्याच्याभोवती सहा छोटे पडदे, ज्यांना स्वतःची कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, नसते. आतल्या हवेच्या दाबाने ते हलतात. दोन्ही हेडफोनची उजवी बाजू मुकी झाली होती. काका एवढंच म्हणाले, "चालू करून दे, पण आवाज बदलू नकोस. तीस वर्षं मी याच आवाजावर निर्णय घेतलेत."

के 240 मध्ये केबल फक्त डाव्या कपात शिरते आणि उजव्या बाजूची तार डोक्यावरच्या कमानींमधून पलीकडे जाते. वर्षानुवर्षं वाकून ती कपाच्या तोंडाशी तुटते. ते जोडणं सोपं होतं. अवघड होत्या गाद्या. मूळ गाद्या दगडासारख्या कडक झालेल्या. बाजारात मिळणाऱ्या तयार गाद्या चढवून बघितल्या, तर तानपुरा मागे गेला आणि तबल्याच्या डग्ग्याला नको इतकं अंग आलं. ड्रायव्हर तोच, तार तीच, फक्त गादी वेगळी. काकांचं वाक्य काय होतं ते तिथे कळलं. गादी हा हेडफोनचा अवयव आहे. तिची जाडी ड्रायव्हर कानापासून किती दूर राहील ते ठरवते, आतली पोकळी आणि कापडाची छिद्रं वरच्या पट्टीचा स्वर ठरवतात, आणि कानाभोवती ती किती घट्ट बसते त्यावर खर्ज अवलंबून असतो. बंद कपाच्या हेडफोनमध्ये चष्म्याच्या काडीखालून हवा निसटली तरी खर्ज पातळ होतो.

म्हणून आम्ही गाद्या स्वतः करायचं ठरवलं. माझी धाकटी बहीण तेव्हा घरी पर्स आणि बॅगा शिवायची. तिने जुन्या गादीची शिवण उसवून कागदावर तिचा साचा उतरवला, मूळ फोमची जाडी आणि नरमपणा जुळवला, आणि धारावीतून मेंढीचं मऊ चामडं आणून पहिली जोडी शिवली. चामड्याला भोकं किती, कुठे, केवढी, हे मुळाबरहुकूम. आज दुकानातला अर्धा व्यवसाय तिच्या मशीनवर उभा आहे, आणि साच्यांची तिची फाइल ही आमची खरी मालमत्ता.

गाद्यांचं दुखणं आपल्याकडे जास्त का, हे गिऱ्हाइकांना वारंवार सांगावं लागतं. फोम आणि कृत्रिम चामडं दोन्ही बहुतेक पॉलियुरेथेनचं असतं, आणि हवेतली ओल त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडते. उष्णतेत हे आणखी वेगाने होतं. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात तर "डब्यातून कधी काढलाच नाही" असा हेडफोन उघडला की आत काळी चिकट लापशी निघते. न वापरल्याने तो वाचत नाही. ही लापशी ड्रायव्हरच्या पडद्यावर पडली तर आवाज दबतो किंवा घरघरतो, म्हणून ती आधी लाकडी काडीने उचलायची, मग कापसाला जेमतेम ओल येईल इतक्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने टिपायची. अ‍ॅसिटोन चुकूनही नाही. एबीएस प्लॅस्टिकचा कप त्याने विरघळतो.

मग एक-एक करून वेगळीच मंडळी यायला लागली. सगळ्यात जास्त चौकशी सेनहायझरच्या एचडी 414 ची. पिवळ्या फोमच्या गाद्यांचा हा हलका हेडफोन 1968 मध्ये जर्मनीत निघाला. तोवर हेडफोन म्हणजे कान बंद करणारे जड डबे. यात कपाची मागची बाजू उघडी, त्यामुळे आवाज डोक्यात कोंडत नाही. अशा हेडफोनबद्दल ठरलेली तक्रार असते, "मोबाइलला लावला, मेलाय बहुतेक." मेलेला नसतो. त्याचा इंपिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, 2000 ओहम आहे. मोबाइलने अर्धा व्होल्ट दिला तर 32 ओहमच्या आजच्या हेडफोनला जवळपास 8 मिलिवॉट मिळतात, 414 ला मात्र मिलिवॉटचा आठवा हिस्सा. तो काळ टेपरेकॉर्डरच्या आणि रेडिओच्या आउटपुटला हेडफोन थेट जोडण्याचा होता, त्यासाठी हा मोठा इंपिडन्स सोयीचा होता. आम्ही त्याला एक साधा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर लावून दाखवतो, आणि मग गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसतं.

जर्मनीतून येणाऱ्या मालाची वेगळी गोष्ट. तिकडे नोकरीला असलेली आपली मराठी मुलं रविवारच्या जुन्या बाजारांतून असे हेडफोन उचलतात आणि सुट्टीवर येताना बॅगेत घालून आणतात. त्यांना बऱ्याचदा जुन्या जर्मन पद्धतीचा डिन प्लग असतो, फाशावरच्या पाच टिपक्यांसारख्या मांडणीच्या पाच पिनांचा. पहिली मागणी असते की हा कापून साधी पिन लावा. आम्ही कापत नाही, जोडणारा अ‍ॅडॅप्टर बनवून देतो. मूळ प्लग गेला की तो पुन्हा मिळत नाही, आणि अ‍ॅडॅप्टर नको असेल तर काढून ठेवता येतो.

हेच आमच्या सगळ्या कामाचं सूत्र झालं. जे काही करायचं ते उद्या उलटं करता आलं पाहिजे. काढलेला प्रत्येक भाग, अगदी गळलेला फोमसुद्धा, पिशवीत घालून चिठ्ठी लावून गिऱ्हाइकाला परत जातो. जुन्या कवचात नवा चिनी ड्रायव्हर बसवून "रिस्टोअर केलाय" म्हणून विकणं मला पटत नाही. तो दिसायला जुना, ऐकायला नवा असा तिसराच हेडफोन होतो. कपांवर चकचकीत स्प्रे मारणंही नाही. ओरखडे राहू द्यावेत.

तांत्रिक कामात सगळ्यात नाजूक भाग म्हणजे तुटलेली कॉइल. मल्टिमीटर लावला आणि कॉइल ओपन दाखवली म्हणून ड्रायव्हर लगेच भंगारात टाकायचा नाही. केसाहून बारीक तार कॉइलमधून निघून पडद्यावर चिकटवलेली असते, आणि ती बरेचदा तिथेच, पडदा हलून हलून, तुटते. मायक्रोस्कोपखाली टोक मोकळं करून डाग (सोल्डर) देता येतो. कॉइलच्या वेढ्यांमध्ये तुटली असेल तर उपाय नाही, मग त्याच मॉडेलचा आणि शक्यतो त्याच काळातला दुसरा ड्रायव्हर लागतो. त्यासाठी आम्ही मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारतो आणि बंद पडलेले हेडफोनही विकत घेतो. केबलही त्रास देते. धाग्याभोवती तांब्याची पट्टी गुंडाळलेली, वर वार्निश. ते जाळल्याशिवाय डाग धरत नाही, आणि जास्त वेळ डाग द्यायची इस्त्री टेकवली तर आतला धागा जळतो.

दोन्ही बाजू सारख्या वाजतात की नाही, हे पाहायला आमच्याकडे एक लाकडी फळी आहे. तिला भोक पाडून आत छोटी इलेक्ट्रेट माइक कॅप्सूल बसवलेली. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम कानाशी तिची बरोबरी नाही, पण डावी-उजवी आणि आधी-नंतर यांची तुलना तिच्यावर चोख होते. आलेख जुळला की मी 78 आरपीएमच्या तबकडीवरून उतरवलेलं एखादं नाट्यपद लावतो. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या 1950 च्या दशकाच्या अखेरीस, आणि मिलवॉकीच्या जॉन कॉसने पहिला स्टिरिओ हेडफोन आणला तो 1958 मध्ये. त्याआधीच्या तबकड्यांवरचं गाणं मोनो. मोनोत दोन्ही कानांना एकच आवाज जातो, म्हणून गाणारा बरोबर डोक्याच्या मधोमध उभा राहिला पाहिजे. एका बाजूला एक-दीड डेसिबलचा फरक असला तरी तो सरकतो. याहून कडक परीक्षा मला माहीत नाही.

रेडिओच्या आरंभकाळातले हेडफोनही येतात, हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींकडून. मुंबईत रेडिओ क्लबने 1923 मध्ये प्रसारण सुरू केलं, त्या काळात क्रिस्टल सेट, म्हणजे विजेशिवाय चालणारा साधा रेडिओ, ऐकायला हेच साधन होतं. यात हलणारी कॉइल नसते. कायमच्या चुंबकावर तारेची वेटोळी आणि समोर पातळ लोखंडी चकती. सुताच्या गोफाच्या त्यांच्या दोरीत एका टोकाला बहुधा रंगीत धागा असतो, तो प्लसची खूण. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये हेडफोनमधून डीसी करंटही वाहायचा, आणि तो उलटा गेला तर चुंबक हळूहळू क्षीण होई. दोरी बदलताना तो रंगीत धागा आम्ही नव्या दोरीतही ओवतो.

मला स्वतःला सगळ्यात प्रिय यामाहाचा एचपी-1. 1976 चा, मारिओ बेलिनी या इटालियन डिझायनरने आखलेला. यात पातळ फिल्मवरच कॉइल छापलेली असते आणि दोन्ही बाजूंना भोकांचे चपटे चुंबक. पूर्ण पडदा एकदम हलतो, त्यामुळे सतारीच्या तारेवरचा नखीचा आघात कसा स्वच्छ येतो, ते ऐकूनच पाहावं. स्टॅक्स या जपानी कंपनीचे इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे स्थिर विजेच्या ओढीने पडदा हलवणारे हेडफोन आम्ही त्यांच्या स्वतःच्या ऊर्जा-डब्यासकटच घेतो. पडद्याला मॉडेलनुसार 230 किंवा 580 व्होल्टचा बायस, म्हणजे कायम दिलेला विद्युतदाब, लागतो आणि तो बरोबर मिळतोय हे पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही.

आणि मग सोनीचे छोटे, वॉकमनबरोबरचे. 1979 चा तो पहिला हेडफोन वजनाने साधारण 50 ग्रॅम. रत्नागिरीकडच्या किती घरांत आखातातून आलेला असा एखादा अजून कपाटात आहे! नवा त्याहून चांगला आणि स्वस्त मिळेल हे आम्ही सांगतो. "वडिलांनी दुबईहून आणलेला आहे" असं उत्तर येतं आणि आम्ही पातळ फोमच्या चकत्या कापायला घेतो. या कामात पैसे फारसे सुटत नाहीत. स्टुडिओंची आणि संग्राहकांची मोठी कामं ते भरून काढतात.

संग्राहकांना माझी एक विनंती असते, काचेच्या कपाटात ठेवू नका. महिन्यातून एकदा तरी लावा, ऐका, गाद्या कोरड्या कापडाने पुसा, सिलिकाची पुडी डब्यात ठेवा आणि ती बदला.

आता आम्ही चौघं आहोत. वडील रोज संध्याकाळी येतात आणि व्हॉल्व्हच्या सेटला हात दुसऱ्या कुणाला लावू देत नाहीत. काम टपालाने स्वीकारतो. पाठवताना केबल हेडबँडला गुंडाळू नका, सैल वेटोळं करून वेगळ्या पिशवीत घाला. गळणाऱ्या गाद्या आधी काढून ठेवा, फेकू मात्र नका, साचा त्यांच्यावरूनच निघतो. हेडफोन तपासल्यावर लेखी अंदाज कळवतो, होकार आल्याशिवाय इस्त्री तापत नाही. आणि तुम्ही त्यावर नेहमी काय ऐकता ते एका ओळीत लिहून पाठवा, शेवटची तपासणी आम्ही त्याच गाण्यावर करतो.