काळ्या मातीतून काणकोणला: समुद्राकाठच्या गोल्फची तयारी

जानेवारीत काणकोणला जायचं जवळपास ठरलंय. दक्षिण गोव्यात राजबागच्या किनाऱ्याला लागून एका रिसॉर्टचा गोल्फ कोर्स आहे. होल नऊच, पण प्रत्येक होलला टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, दोन-दोन, त्यामुळे दोन फेऱ्या मारल्या की अठरा होतात. "नऊ होलसाठी एवढ्या दूर?" असं आपल्या गोल्फवाल्यांतल्याच काहींनी विचारलं. मला नेमकं तेच आवडलंय, आणि कारण आहे वारा.

किनाऱ्यावर सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तोही मंद. ऊन चढलं की जमीन पाण्याआधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राचा वारा आत यायला लागतो. दुपारी त्याचा जोर. म्हणजे सकाळी आठच्या सुमारास सुरुवात केली, तर पहिली फेरी शांत हवेत आणि दुसरीत त्याच ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक हिरवळीवर) समोरचा किंवा आडवा वारा. एकच होल दोन हवांत खेळायला मिळतंय, अजून काय पाहिजे? दुपारचा टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) स्वस्तात मिळाला तरी घेणार नाही.

पंचाईत ही की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे या दिवसांत वाराच नसतो. मारोतीच्या देवळावरचा झेंडा काठीला चिकटलेला. वाऱ्यात बॉल खालून काढावा लागतो, त्या सरावासाठी धुऱ्यावरच्या दोन बाभळींना छातीच्या उंचीवर दोरी बांधली आहे. सोयाबीन सोंगल्यावर मोकळ्या ठेवलेल्या पट्टीतून बॉल त्या दोरीखालून काढायचा. बॉल नेहमीपेक्षा मागच्या पायाकडे, हात बॉलच्या पुढे, स्विंग पाऊणच. वारा समोरून असला की जोरात हाणायचा मोह होतो. पण जोर वाढला की स्पिन वाढतो आणि बॉल वर चढून जागीच पडतो. त्यापेक्षा सातऐवजी पाच नंबरची आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब; नंबर लहान तसा बॉल खालून आणि लांब जातो) घ्यावी आणि सावकाश मारावं. दोरीखालून आता बरेच बॉल जातात. सरळ किती जातात ते विचारू नका.

खाली काथ्याचं पायपुसणं टाकतो. वाळलेल्या काळ्या ढेकळावर आयर्न आपटली की मनगटात कळ जाते. उन्हाळ्यात तर भेगा एवढ्या पडतात की जवळपास त्रेचाळीस मिलिमीटरचा बॉल सहज गडप होतो, म्हणून सराव आत्ताच.

शेजारच्या वावरात कापूस वेचणी सुरू आहे. बोंडं फुटलेल्या पऱ्हाटीत पांढरा बॉल शोधून बघा! नियमाने शोधायला तीन मिनिटं मिळतात. इथे तीन तास दिले तरी कमीच. परवा वेचणारी एक मावशी ओटीतून दोन बॉल काढून म्हणाली, "भाऊ, तुमच्या पऱ्हाटीले तं अंडे लागले!" आता पिवळेच बॉल वापरतो.

बंकरच्या, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्याच्या, सरावासाठी घराच्या बांधकामाची उरलेली रेती खड्ड्यात भरली आहे. बॉलच्या दोन बोटं मागे रेतीत क्लब घालायचा आणि थांबायचं नाही. रेती मात्र नदीची, जाडी. किनाऱ्यावरची बारीक वाळू क्लबला कशी लागेल ते तिथेच कळेल. २०१९ पासून नियमाने बंकरमधला पालापाचोळा, खडा उचलता येतो, पण मारण्याआधी बॉलच्या मागची वाळू क्लबने चाचपायची नाही. आमच्या खड्ड्यात पाल्यापेक्षा शेळ्यांच्या लेंड्या जास्त. स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर रविवारी खेळ बंद असतो आणि लोक फिरायला येतात. आमच्या वावरात शेळ्यांना असा वार नाही.

प्रवास बडनेऱ्याहून. कल्याणला उतरून पनवेल, तिथून कोकण रेल्वे. काणकोणला स्टेशन आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून मडगावचं तिकीट काढून पुढे बस. नियमाने चौदा क्लब चालतात. मी अर्धा सेटच नेणार, चादरीत गुंडाळून बर्थखाली.

तिकिटाआधी रिसॉर्टला फोन करायचाय. बाहेरच्यांना खेळू देतात का, दोन्ही फेऱ्या सलग मिळतील का आणि ड्रायव्हर (लांब मारायचा मोठा क्लब) भाड्याने मिळतो का, एवढं विचारायचंय. तिथे खेळून आलेलं कुणी असेल तर सांगा, समुद्र डाव्या हाताला कोणत्या होलांवर येतो? माझा बॉल हवेत वळून उजवीकडे जातो (यालाच स्लाइस म्हणतात), आणि दुपारच्या वाऱ्याचा हिशोब त्यावरच बसवायचाय.