फिश शेलमध्ये सिस्टीमची एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स : कामाची नोंद

फिश (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा एक प्रोग्राम, म्हणजे शेल) हाच लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन करताच सुरू होणारा शेल, ठेवायचा आणि तरीही सिस्टीमने ठरवून दिलेले एकही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामांना मिळणारी नाव-मूल्याची जोडी) गमवायचे नाही, या कामाचा बराचसा भाग आता मार्गी लागला आहे. लिनक्सवर सर्वांसाठीची व्हेरिएबल्स मुख्यतः ‘/इटीसी/प्रोफाइल’ या फाइलमध्ये आणि ती वाचत असलेल्या ‘प्रोफाइल.डी’मधील छोट्या स्क्रिप्टांमध्ये असतात. त्या स्क्रिप्टा पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टीमसाठीचे प्रमाणक) शेलच्या भाषेत लिहिलेल्या असतात, आणि 2005 मध्ये आलेल्या फिशने ती भाषा जाणीवपूर्वक स्वीकारलेली नसल्यामुळे तो त्या वाचतच नाही. ‘/इटीसी/एन्व्हायर्नमेंट’ ही फाइल मात्र लॉगिनच्या वेळी पॅम (लॉगिनची तपासणी सांभाळणारी लिनक्सची यंत्रणा) वाचते, त्यामुळे तिच्यातील मूल्ये कोणत्याही शेलला आयतीच मिळतात.

अनेक जण ही व्हेरिएबल्स हाताने ‘कॉन्फिग.फिश’ या फिशच्या सेटिंग फाइलमध्ये उतरवून घेतात. मला ते पटत नाही, कारण एखादे पॅकेज अपडेट होऊन त्याची स्क्रिप्ट बदलली, की आपली नक्कल जुनी पडते आणि त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून पॉझिक्सची भाषा समजणाऱ्या बॅश या दुसऱ्या शेलला लॉगिन शेल म्हणून चालवायचे, सर्व फाइली त्याला त्याच्या पद्धतीने वाचू द्यायच्या आणि अखेरीस ‘एन्व्ह’ या कमांडने दिलेली व्हेरिएबलांची यादी फिशमध्ये भरायची, हा मार्ग मी धरला आहे.

खरी कसोटी ती यादी फोडताना लागते. मूल्यातच नवी ओळ असू शकते, त्यामुळे ओळीनुसार तुकडे करणे धोक्याचे आहे. ‘एन्व्ह’ला ‘-0’ हा पर्याय दिला की प्रत्येक नोंदीच्या शेवटी नल बाइट (शून्य मूल्याचा बाइट, जो मूल्यात कधीच नसतो) येतो आणि फिशची ‘स्ट्रिंग स्प्लिट0’ ही कमांड नेमकी तिथेच तोडते. पुढे नाव व मूल्य वेगळे करताना केवळ पहिल्या ‘=’ चिन्हावर तोडायचे. ‘एलएस_कलर्स’ या, फाइलींच्या यादीतील रंग ठरवणाऱ्या व्हेरिएबलचे मूल्य पाहिले की याचे कारण कळते : त्यात ‘डीआय=01;34’ अशा जोड्यांची रांगच असते, आणि मर्यादा न घालता तोडल्यास तिचा भुगा होतो.

‘पीडब्ल्यूडी’, ‘एसएचएलव्हीएल’ आणि ‘_’ ही नावे फिशमध्ये केवळ वाचण्यासाठी आहेत, म्हणून ती वगळावी लागतात. बॅशने एक्स्पोर्ट केलेल्या (म्हणजे इतर प्रोग्रामांकडे पाठवलेल्या) फंक्शनांच्या नावांत ‘%%’ असते, तीही वगळायची. ‘पाथ’ची (कमांड ज्या फोल्डरांत शोधायच्या त्यांच्या यादीची) चिंता नको : नावाच्या शेवटी ‘पाथ’ असलेल्या व्हेरिएबलचे मूल्य फिश अपूर्णविरामांवर तोडून यादी करतो आणि एक्स्पोर्ट करताना पुन्हा जोडतो.

हा सर्व भाग फिशच्या ‘कॉन्फ.डी’ या सेटिंग फोल्डरमधील एका फाइलमध्ये ठेवला आहे, कारण तेथील फाइली ‘कॉन्फिग.फिश’च्या आधी चालतात आणि ‘फिश_ॲड_पाथ’ या कमांडने ‘पाथ’मध्ये केलेली माझी भर त्यामुळे पुसली जात नाही. ‘स्टेटस इज-लॉगिन’ ही अट घातल्यामुळे प्रत्येक नव्या टर्मिनलसाठी बॅश पुन्हा सुरू होत नाही.

उमास्कचा (नव्या फाइलींना कोणत्या परवानग्या मिळू नयेत ते ठरवणाऱ्या सेटिंगचा) प्रश्न मात्र या पद्धतीने सुटत नाही. तो व्हेरिएबल नसून प्रोसेसचा गुणधर्म आहे, त्यामुळे बॅशमध्ये बदललेला उमास्क ‘एन्व्ह’च्या यादीत येत नाही. आधी बॅश चालवून ‘एक्झेक’ने (चालू प्रोसेसमध्येच दुसरा प्रोग्राम आणणाऱ्या कमांडने) त्याच्या जागी फिश आणला, तर तो टिकतो, पण त्यासाठी तीच फेरी पुनःपुन्हा सुरू होऊ नये म्हणून खुणेचे एक व्हेरिएबल सांभाळावे लागते. तूर्तास मी फिशच्याच ‘उमास्क’ कमांडने तो ठरवला आहे आणि ‘एक्झेक’ची पद्धत वेगळ्या युजर अकाउंटवर तपासत आहे.