दिल्ली-काठमांडू: दीड तास आणि वर घिरट्या

दिल्ली ते काठमांडू हवाई अंतर साधारण 800 किलोमीटर. रेल्वेने मुंबईहून नागपूरला जाताना याहून जास्त रूळ तुडवावे लागतात. विमानाला दीड ते पावणेदोन तास पुरतात. तिकिटावर मात्र जाण्याचा प्रवास लांब आणि येण्याचा आखूड दिसतो, कारण नेपाळचं घड्याळ आपल्या 15 मिनिटं पुढे चालतं. हा सगळा हिशेब विमानाला खाली उतरू दिलं तरच.

दिल्ली विमानतळावरच्या रांगांबद्दल लिहीत नाही, डोकं उठतं.

जाताना हिमालय डावीकडे असतो. म्हणून डावी बाजू घेतली, पण मिळाली मधली सीट. खिडकीतल्या गृहस्थांनी उड्डाणाआधीच झडप खाली ओढली, मानेला उशी लावली आणि घोरायला लागले. खिडकी घेऊन झोपणाऱ्यांकडून दुप्पट भाडं घ्यावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पलीकडे, उजव्या खिडकीशी साताऱ्याकडचे काका-काकू. पशुपतिनाथाच्या ग्रुपमधले.

"अहो, डोंगर तिकडे आणि आपण शेतं बघतोय!"

"अगं, येताना दिसतील की."

"येताना तुम्ही घोरत असता."

मग कॅप्टनचा आवाज आला: गर्दी आहे, थांबावं लागेल. काठमांडूला धावपट्टी एकच. शहर 1,300 मीटरवरच्या खोऱ्यात, भोवती डोंगरांचं कडं. मोठी जेट आणि डोंगरांत जाणारी छोटी विमानं, सगळ्यांना तीच पट्टी. त्यामुळे दक्षिणेला तराईच्या सपाट भागात, सिमरा गावाच्या आसपास, विमानं एकावर एक थर लावून लंबगोल फिरत राहतात. वर हवेतच सिग्नलला थांबायचं.

विमान पश्चिमेकडे वळलं आणि उत्तर उजवीकडे आली. काकूंची खिडकी पांढऱ्या शिखरांनी भरली. ढगांच्या वर, एका ओळीत, उन्हात इतकी लख्ख की मला मधल्या सीटवरूनही दिसली. काकूंनी आधी हात जोडले, मग मोबाइल काढला.

"ते टोकदार कुठलं हो?"

"एव्हरेस्ट," काका.

विमान फिरलं, शिखरं गेली. पुढच्या फेरीत परत आली. काकूंनी दुसरं शिखर दाखवलं. तेही एव्हरेस्ट. खरं तर एव्हरेस्ट काठमांडूच्याही बरंच पूर्वेला, पण काकांच्या आवाजातला आत्मविश्वास बघून मी गप्प बसलो. मागे कुणाची तरी कनेक्टिंग फ्लाइट चुकत होती, तो हवाई सुंदरीवर चिडला होता. काकू मात्र "अजून एक फेरी मारा म्हणावं" म्हणाल्या आणि चिवड्याची पुडी माझ्याकडे सरकवली. डावीकडचे गृहस्थ घोरतच होते.

उतरेपर्यंत घिरट्यांतच पाऊण तास गेला. म्हणजे एरवीच्या प्रवासाच्या जवळजवळ निम्मा वेळ आणखी, हवेत गोल फिरण्यात. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, त्यामुळे बाहेर लवकर पडलो. मग थामेल या पर्यटकांच्या वस्तीपर्यंतच्या पाच-सहा किलोमीटरला टॅक्सीने तासभर घेतला. पुढच्याच दिवशी कुणी आग्रहाने दालभात वाढला, त्याबद्दल वेगळं लिहीन.

काठमांडूहून पुढे कुठे जायचं असेल तर त्याच दिवसाची पुढची फ्लाइट धरू नका. मी येताना जादा पैसे भरून उजवीकडची खिडकी घेतली. दिल्लीपर्यंत नुसते ढग.