स्टेशन खासगी, पण टॉवर कोणाचा?

आफ्रिकेतल्या एखाद्या वाहिनीची बातमी वाचली की आपण आधी विचारतो, ही सरकारी की खासगी? मालकाचं नाव कळलं की उत्तर मिळाल्यासारखं वाटतं, पण ते निम्मंच असतं. परवाना कोण देतं, सिग्नल कोणाच्या टॉवरवरून जातो आणि जाहिरातीचे पैसे कुठून येतात, हे पाहिल्याशिवाय उरलेलं निम्मं हाती लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर बहुतेक देशांत रेडिओ आणि टीव्ही सरकारच्याच ताब्यात राहिले. दारं किलकिली झाली ती १९९०च्या दशकात. केनियात केटीएन ही खासगी टीव्ही वाहिनी १९९०मध्ये सुरू झाली, नायजेरियात १९९२च्या फर्मानाने खासगी प्रसारणाला वाट मिळाली. घानात १९९४मध्ये ‘रेडिओ आय’ नावाचं विनापरवाना स्टेशन सरकारने बंद पाडलं आणि लोक रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी तिथे परवानाधारक खासगी एफएम ऐकू येऊ लागलं.

घानाचं उदाहरण परवान्याचा खेळ समजायला फार उपयोगी आहे. तिथल्या १९९२च्या राज्यघटनेनुसार वर्तमानपत्र काढायला परवाना लागत नाही. सरकारी माध्यमांची संचालक मंडळंही राष्ट्रीय माध्यम आयोग नेमतो, राष्ट्राध्यक्षांशी फक्त सल्लामसलत होते. कागदावर याहून चांगली रचना क्वचितच सापडेल. पण रेडिओला फ्रीक्वेन्सी लागते आणि ती देणारी संस्था वेगळी: राष्ट्रीय दळणवळण प्राधिकरण. मे २०१९मध्ये याच प्राधिकरणाने रेडिओ गोल्ड आणि रेडिओ एक्सवायझेड ही विरोधी पक्षाकडे झुकलेली स्टेशनं बंद केली. कारण दिलं ते परवान्याचं. अशा कारवाईत सेन्सॉर हा शब्द कुठेच येत नाही. मुदत संपते, नूतनीकरणाचा अर्ज फायलीत पडून राहतो, स्टेशन वाजत राहतं, आणि ते बेकायदा असल्याचं नेमकं कोणत्या दिवशी लक्षात यावं हे नियामक ठरवतो. म्हणून बातमीत ‘परवाना संपला होता’ असं दिसलं, तर मुदत संपलेली आणखी किती स्टेशनं चालू होती, हे आधी शोधावं.

टॉवरचा मुद्दा लोकांच्या लक्षातच येत नाही. ॲनालॉग काळात ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात एकच वाहिनी बसायची आणि मोठ्या वाहिन्या आपापला ट्रान्समीटर बाळगायच्या. डिजिटलमध्ये, म्हणजे डीव्हीबी-टी२ तंत्रात, तेवढ्याच पट्ट्यात पंधरा-वीस वाहिन्या मावतात. मग सगळ्यांचा सिग्नल एकत्र बांधून पाठवणारी कंपनी वेगळी होते आणि वाहिनी तिची भाडेकरू बनते. केनियात सुरुवातीला असे परवाने दोघांनाच मिळाले: सरकारी प्रसारक केबीसीची सिग्नेट आणि चिनी मालकीची पॅन आफ्रिकन नेटवर्क ग्रुप. नेशन, स्टँडर्ड आणि रॉयल मीडिया या तीन खासगी समूहांना ते मान्य नव्हतं. आपला सिग्नल प्रतिस्पर्ध्याच्या हाती का द्यायचा, हा त्यांचा सवाल. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०१५मध्ये नियामकाने ॲनालॉग सिग्नल तोडला आणि या समूहांच्या वाहिन्या जवळपास तीन आठवडे पडद्यावरून गायब होत्या. शेवटी त्या आपल्या स्वतःच्या वितरण कंपनीमार्फत परतल्या.

स्वतःचा टॉवर मिळाला म्हणून सुटका झाली असंही नाही. ३० जानेवारी २०१८ला केनियाचे विरोधी नेते रायला ओडिंगा यांचा प्रतीकात्मक ‘शपथविधी’ थेट दाखवायला घेतल्यावर याच समूहांच्या एनटीव्ही, केटीएन आणि सिटिझन या वाहिन्यांचं प्रसारण बंद करण्यात आलं. त्यासाठी कोणी न्यूजरूममध्ये शिरलं नाही, लिमुरूच्या प्रक्षेपण केंद्रावर जाणं पुरेसं होतं. न्यायालयाने १ फेब्रुवारीला प्रसारण सुरू करायचा आदेश दिला, तरी वाहिन्या लगेच दिसल्या नाहीत.

डिजिटलची आणखी एक गोम आहे. ॲनालॉग सिग्नल कमजोर झाला तर मुंग्या दिसायच्या, पण चित्र कळायचं. डिजिटल एका पातळीखाली गेलं की पडदा कोराच. शिवाय जुन्या टीव्हीला सेट-टॉप बॉक्स लागतो, आणि गरीब घरांत तो वेळेवर पोचत नाही. दक्षिण आफ्रिकेने ॲनालॉग बंद करायची जून २०१५ची आंतरराष्ट्रीय मुदत हुकवली. पुढे ३१ मार्च २०२५ ही तारीख ठरली, तीही ई-टीव्ही ही खासगी वाहिनी न्यायालयात गेल्यावर रोखली गेली. ई-टीव्हीची कमाई जाहिरातींवर. प्रेक्षकाच्या घरी बॉक्स नसेल तर वाहिनीचा प्रेक्षकही गेला आणि जाहिरातीचा दरही घसरला.

आता पैसे. बऱ्याच देशांत सरकार हाच सर्वांत मोठा जाहिरातदार असतो: निविदा, नोकरभरती, आरोग्य मोहिमा. युगांडात १९९३मध्ये ‘मॉनिटर’ या खासगी वर्तमानपत्राच्या सरकारी जाहिराती थांबवल्या गेल्या. झांबियात प्राइम टीव्ही या खासगी वाहिनीने २०२०मध्ये कोविडच्या सरकारी जाहिराती फुकट दाखवायला नकार दिला, कारण सरकारकडची आधीची थकबाकी बाकी होती. एप्रिलमध्ये तिचा परवाना रद्द झाला. इथे जाहिरात आणि परवाना या दोन्ही दोऱ्या एकाच वेळी ओढलेल्या दिसतात.

सरकारी बाजूही एकसाची नाही. युगांडाच्या न्यू व्हिजन या माध्यम कंपनीत निम्म्याहून थोडे जास्त शेअर सरकारचे, बाकीचे शेअर बाजारात. उलट रवांडात १९९३मध्ये सुरू झालेलं आरटीएलएम हे रेडिओ स्टेशन कागदोपत्री खासगीच होतं. त्याचे भागधारक सत्ताधाऱ्यांच्या जवळचे होते, आणि १९९४च्या नरसंहारात त्याने हत्यांना कशी चिथावणी दिली ते आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या निकालात नोंदलेलं आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या एसएबीसीकडे सार्वजनिक प्रसारक म्हणून अकरा भाषांचा भार आहे. तिची वार्षिक टीव्ही लायसन्स फी २६५ रँड, आणि बहुतेक घरं ती भरतच नाहीत. त्यामुळे मुख्य उत्पन्न जाहिरातींचंच. म्हणजे जाहिरातदारांच्या दारात ती ई-टीव्हीच्याच रांगेत उभी असते, भाषांचा खर्च मात्र तिचा एकटीचा.