फ्लायचे सामान बेळगावच्या बाजारातून

फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसे आणि दोरा गुंडाळून किड्यासारखा केलेला हलका गळ (फ्लाय) फेकून मासे धरणे, नव्याने शिकू पाहणारी बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुले भेटली की पहिला प्रश्न सामानाचा विचारतात. रॉड कुठल्या कंपनीचा घ्यावा, पिसे परदेशातूनच मागवावी लागतात का, एवढा खर्च झेपेल का, असे ते प्रश्न असतात. माझे उत्तर ठरलेले आहे. पैसे दोनच गोष्टींवर मोकळ्या हाताने खर्च करावेत, एक लाइन, म्हणजे फ्लाय फेकण्याची जाड दोरी, आणि दुसरा गळ. बाकीचे बहुतेक सामान आपल्या बाजारात मिळते आणि आपल्या पाण्यात ते उत्तम चालते. परदेशी कॅटलॉग थंड पाण्यातील ट्राउट डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेले असतात. घटप्रभा, मलप्रभा किंवा हिडकलच्या जलाशयात ट्राउट नाही. तिथे चिलापी आहे, मरळ आहे, कार्प कुळातले मासे आहेत आणि नशिबाने साथ दिली तर महाशीर आहे.

आधी लाइनविषयी सांगतो. फ्लायला स्वतःचे वजन जवळजवळ नसते, त्यामुळे फेकताना जे वजन हवेतून जाते ते लाइनचे असते आणि रॉडवर छापलेला आकडाही त्या लाइनचाच असतो. लाइनच्या पहिल्या 30 फुटांचे वजन ग्रेनमध्ये मोजून हा क्रमांक ठरतो: 5 क्रमांकाला 140 ग्रेन, 6 ला 160 आणि 8 ला 210 ग्रेन, म्हणजे सुमारे साडेतेरा ग्रॅम. नवख्या माणसाने 9 फुटी, 6 क्रमांकाचा साधा रॉड घ्यावा. मरळ आणि महाशीर यांच्या मागे लागायचे असेल तर 8 क्रमांकाचा. रॉड स्वस्तातला चालतो, लाइन मात्र चालत नाही, आणि तीही उष्ण प्रदेशासाठी बनवलेलीच हवी. एप्रिल-मे महिन्यांत गोकाक, सौंदत्तीकडे ऊन तापते तेव्हा थंड हवेसाठी बनवलेल्या लाइनचे प्लास्टिकचे आवरण मऊ पडून चिकट होते, ती रॉडच्या रिंगांना धरून बसते आणि चांगला हात बसलेल्या माणसाचीही फेक अर्ध्यावर पडते. उष्ण प्रदेशाची लाइन डिसेंबरच्या पहाटे थोड्या वळ्या धरते खरी, पण दोन हातांत धरून ताणली की ती सरळ होते.

लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक नायलॉनचा दोरा, विकत घेण्याची गरज नाही. कॅटलॉगमध्ये त्याची जाडी एक्सच्या आकड्यांत दिलेली असते आणि त्यामुळे मुले गोंधळतात. हिशेब सोपा आहे: 0 एक्स म्हणजे 0.011 इंच, आणि पुढच्या प्रत्येक आकड्याला इंचाचा एक हजारांश भाग कमी. आपल्याकडे नायलॉन मिलिमीटरमध्ये मिळते, तेव्हा 0 एक्स म्हणजे 0.28 आणि 3 एक्स म्हणजे 0.20 मिलिमीटर एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. लाइनच्या बाजूला 0.50 चा लांब तुकडा, मग 0.40, 0.30 आणि टोकाला 0.20 असे उतरत्या जाडीचे तुकडे जोडून 9 फुटांचा लीडर घरी तयार होतो. मरळीसाठी 0.30 च्या खाली जाऊ नये, कारण ती गवतात आणि शेवाळात घुसते.

आता पिसांकडे येतो, कारण या विषयात माझा जीव गुंतलेला आहे. फ्लायच्या मानेभोवती जे पीस गुंडाळतात त्याचे तंतू ताठ हवेत, आणि असे पीस जून झालेल्या गावरान कोंबड्याच्या मानेवर मिळते. ब्रॉयलरचा पक्षी काही आठवड्यांचा असतानाच कापला जातो, त्यामुळे त्याची पिसे मऊ राहतात. ती पाण्यात तरंगणाऱ्या फ्लायला निरुपयोगी, पण छोट्या माशासारख्या दिसणाऱ्या फ्लायच्या शेपटीला छान, कारण पाण्यात ती सतत हलत राहतात. रविवारी चिकनवाल्याला आधी सांगून ठेवले तर तो मान बाजूला काढून देतो. ती सौम्य साबणाने धुवावी, सावलीत वाळवावी, घट्ट पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवावी म्हणजे किडे मरतात, आणि त्यानंतरच डब्यात भरावी. हळदीच्या उकळत्या पाण्यात पांढरे पीस सुंदर पिवळे होते, मात्र तो रंग उन्हात उडतो. पक्का रंग हवा असेल तर रेशीम रंगवणाऱ्यांकडून ॲसिड डाय आणून त्यात थोडे व्हिनेगर घालावे.

एका पिसाबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना मेणासारखे चकाकणारे पिवळसर ठिपके असतात, आणि इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सॅमन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या जुन्या फ्लायमध्ये डोळ्याच्या जागी हेच पीस लावत. हा पक्षी आपल्या सह्याद्रीतला, खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानातला. ‘‘काका, रानकोंबड्याची मान मिळेल, पाहिजे काय?’’ असे कोणी विचारले की मी लगेच नाही म्हणतो आणि त्याने दुसऱ्या कोणाला विचारू नये असेही बजावतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आपल्या रानातली पहाट ज्याच्या आरवण्याने होते तो पक्षी एका गळासाठी मारणे मला मान्य झाले नसते. गावरान कोंबड्याच्या पिसावर बारीक ब्रशने पिवळ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला तर माशाला तो पुरतो. मोराचे तसे नाही: आपोआप गळलेल्या पिसाऱ्याच्या पिसांची देशात विक्री करता येते, निर्यात मात्र करता येत नाही. यात्रेत घेतलेले एक लांब पीस पुष्कळ दिवस पुरते.

बाकीच्या सामानासाठी बेळगावसारखे गाव नाही. उद्यमबागेच्या परिसरात मोटर रिवाइंडिंग करणाऱ्यांकडे 36 गेजची तांब्याची तार उरलेल्या तुकड्यांत मिळते. तिची जाडी सुमारे 0.19 मिलिमीटर असते आणि फ्लायला नेमकी तेवढीच लागते. तिथल्याच एखाद्या लेथवाल्याकडून गळ पकडण्याचा छोटा व्हाइस करून घेता येतो. शहापूर, वडगावला साड्या विणणाऱ्यांकडची जरीची तार फ्लायच्या अंगावर चकाकी आणते. धनगरांकडची काळी लोकर विंचरून दोऱ्यावर वळली की अळीचे खरखरीत अंग तयार होते, आणि लोकर पाणी पिऊन बुडते हे इथे सोयीचेच आहे. खडे बाजारात काचेचे काळे मणी मिळतात.

यातून चिलापीसाठी जी फ्लाय मी सर्वांना प्रथम शिकवतो ती अशी. 10 क्रमांकाच्या गळाचा काटा, म्हणजे टोकामागचा उलटा दात, पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे मणी आत सरकतो आणि सोडताना माशाचे तोंडही फाटत नाही. मणी गळाच्या डोळ्यापाशी, म्हणजे दोरा ओवायच्या भोकापाशी, नेऊन गळावर दोरा गुंडाळावा, कोंबड्याच्या पिसाचे चार-पाच तंतू शेपटीला बांधावेत आणि तिथेच तांब्याच्या तारेचे टोक अडकवावे. मोरपिसाचे तीन तंतू टोकाकडून बांधून दोऱ्याबरोबर पीळ द्यावा आणि मण्यापर्यंत गुंडाळत यावे. मोरपिसाचा तंतू नाजूक असतो, म्हणून तार त्यावरून उलट दिशेने मोकळ्या वेढ्यांनी न्यावी. माशाच्या दाताने एखादा तंतू तुटला तरी तार बाकीचे धरून ठेवते. शेवटी गाठ मारून नेलपॉलिशचा थेंब द्यावा.

मरळीसाठी रबरी चपलेच्या फोमचा बेडूक कापावा आणि गवतात अडकू नये म्हणून गळापुढे जाड नायलॉनचा अर्धगोल बांधावा. महाशीर खेकडे, किडे, छोटे मासे आणि झाडावरून पडलेली फळेही खातो. उंबराखाली लाल लोकरीचा गोळा टाकून पाहण्यासारखा असतो. त्याच्यासाठी ड्रॅग (दोरी सुटताना आवर घालणारा ब्रेक) असलेले रीळ आणि शंभरेक मीटर बॅकिंग (लाइनच्या मागचा जादा दोरा) हवेच, चिलापीला रीळ कुठलेही चालते.

गळ निवडताना अंगठ्याच्या नखावर टोक हलकेच ओढावे: घसरले तर बोथट, रुतले तर चांगले. मग व्हाइसमध्ये धरून थोडा वाकवून पाहावा. वाकून तसाच राहिला किंवा कट्कन तुटला तर तो डबा घेऊ नये. नाजूक सामानाने मोठा मासा खेळवण्याची हौस इथे करू नये, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, फार वेळ झुंजलेला मासा सोडल्यावरही मरतो. जलाशयावर जाण्यापूर्वी मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे याची चौकशी करून परवानगी घ्यावी, अभयारण्यात गळ टाकू नये, आणि पावसाळ्यात चढणीचे मासे अंडी घालायला निघतात तेव्हा रॉड घरीच ठेवावा.