तुम्ही विचारलंत म्हणून: ऑथेल्लोतली ती ओळ

'तुम्ही इंग्रजी साहित्य इस्लामी दृष्टीनं शिकवता का हो?' स्टाफरूममध्ये हा प्रश्न 'नाही' ऐकायला विचारतात. मोमिनपुऱ्यात, ईदच्या शीरखुर्म्याची वाटी हातात देऊन, 'हो' ऐकायला. आजवर दोन्हीकडे हसून वेळ मारून नेली.

मिल्टनचं १६६७चं महाकाव्य 'पॅरडाइज लॉस्ट' शिकवताना मी कुराणाच्या सूरह अल-आराफमधला इब्लीस, म्हणजे सैतान, सांगतो: मी आगीचा, हा आदम मातीचा, याला सजदा का करू? मिल्टनचा सैतान बिथरतो ते देवपुत्राचा मान वाढवला म्हणून. दोन्ही अहंकार शेजारी ठेवले की मुलांना लगेच कळतात. ही इस्लामी दृष्टी असेल तर असो. शेजारच्या वर्गात याच मिल्टनला गीतेचा दाखला देतात, तिथे कोणी चौकशीला जात नाही.

हे झालं मिरवण्यापुरतं.

एम.ए.चा वर्ग, एप्रिलची दुपार, कूलर नुसताच घरघरतोय. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा शेवटचा अंक. मरण्याआधी व्हेनिसचा सेनापती ऑथेल्लो सांगतो, अलेप्पोत एका पगडीवाल्या तुर्कानं व्हेनिसच्या माणसाला मारहाण केली, तेव्हा आपण त्या 'सुंता झालेल्या कुत्र्या'चा गळा धरला आणि असा भोसकला. 'असा' म्हणताना शस्त्र स्वतःच्याच अंगात. वर्गात पस्तीसेक मुलं, त्यात आमच्या समाजातले चार मुलगे. मला आधीच हशा ऐकू आला, त्या चौघांकडे वळणाऱ्या माना दिसल्या. 'तुर्क'वरून मी थेट 'असा'वर गेलो आणि पान उलटलं.

तास सुटल्यावर त्यांतला एक टेबलापाशी आला. पुस्तकात बोट तसंच घातलेलं.

'सर, वो लाइन छोड दी आपने.'

'परीक्षेला येत नाही.'

'लेकिन सर, वो तुर्क भी तो वही है ना? मारनेवाला भी वही, मरनेवाला भी.'

माझ्या नोट्समध्ये हे नव्हतं. मूर म्हणजे उत्तर आफ्रिकी मुसलमान. ऑथेल्लो हा बाप्तिस्मा घेतलेला मूर, आणि व्हेनिसची शिवी शेवटी त्याच्याच तोंडी, त्याच्याच अंगावर. ते कळायची जागाच मी गाळली होती. चौघांसाठी गाळली, असं बायकोला सांगितलं. 'चौघं नाही, पाच,' ती म्हणाली.

आता ती ओळ मोठ्यानं वाचतो. तरी तेव्हाच्या मला भित्रा म्हणवत नाही. गेल्या वर्षी वाचली तर मागच्या बाकावर कोणीतरी खिदळलंच. वर एका मुलीच्या वडिलांचा फोन: 'हे असलं शिकवायला आपलाच माणूस हवा होता का?' मी सूरह शुअरा काढली. कवींच्या मागे वाट चुकलेले जातात, असं तिथे आहे, पण तीनच आयती पुढे ईमानवाल्या कवींना वगळलंही आहे. ते म्हणाले, 'मग शेक्सपिअर ईमानवाला होता का, सर?' मी फोन ठेवला.

आणि ऐनवेळी कचरलो असं वर लिहिलंय ना, तेही अर्धंच. माझ्या प्रतीत त्या ओळीशेजारी पेन्सिलीनं 'गाळणे' लिहिलंय. आदल्या रात्रीचं. अजून खोडलेलं नाही.